मालकी सोडा, काम धरा

वार्षिक सभा जवळ आली की आपल्या मंडळ्यांत दोन प्रकारची माणसे ओळखू येऊ लागतात. एक म्हणतो, “छे हो, मी कसला पंच! माझी काय लायकी? दुसऱ्या कुणाला तरी घ्या.” आणि विषय संपायच्या आत तो चहाच्या टेबलाशी जाऊन उभा राहतो. दुसरा म्हणतो, “ही मंडळी उभी केली कोणी? रक्ताचे पाणी केले आहे आम्ही.” त्याच्या हातातला माइक सुटता सुटत नाही. पहिल्याला आपण नम्र म्हणतो, दुसऱ्याला निष्ठावंत. माझ्या मते दोघांनाही चुकीची नावे मिळाली आहेत. पहिला अंगचोर आहे आणि दुसरा मालक होऊन बसला आहे.

गोम अशी आहे की नम्रता आणि निष्ठा यांची आपण फारकत करून टाकली. नम्र माणूस म्हणजे मागच्या बाकावर बसणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. निष्ठावंत म्हणजे पुढच्या खुर्चीवरचा, सगळ्यात हात घालणारा. प्रभू मात्र या दोन्ही गोष्टी एकाच माणसाकडून मागतो आणि एकीवाचून दुसरी नासते. नम्रता नसलेली निष्ठा पाहता पाहता सत्ता होते. निष्ठा नसलेली नम्रता ही काम टाळण्याची सभ्य रीत होते. मला आज एवढेच सांगायचे आहे. पुढचा सगळा त्याचाच विस्तार.

लूकच्या शुभवर्तमानातला बाविसावा अध्याय सावकाश वाचा. भाकर मोडून झाली आहे, प्याला फिरून आला आहे, आपल्यातलाच एक जण दगा देणार हे प्रभूने नुकतेच सांगितले आहे. आणि त्याच मेजावर शिष्यांचा वाद सुरू होतो की आपल्यात मोठा कोण! पहिलेवहिले प्रभुभोजन आणि त्याच्या पाठोपाठ मानपानाचे भांडण. आपल्या कमिट्यांच्या बैठका यापेक्षा फार निराळ्या नसतात, म्हणून मला हा अध्याय वाचताना एका परीने धीरच येतो. प्रभूबरोबर गावोगाव फिरलेली, त्याच्या ताटात जेवलेली माणसेही शेवटच्या रात्रीपर्यंत इथेच अडकली होती.

त्याच रात्रीची दुसरी हकीगत योहान सांगतो. लोक तेव्हा धुळीच्या रस्त्याने चपला घालून चालत येत. आलेल्याचे पाय धुणे हे घरातल्या अगदी खालच्या दासाचे काम. हिब्रू दासालासुद्धा ते लावू नये, असे काही यहुदी शास्त्री मानीत. त्या माडीवरच्या खोलीत दास कोणी नव्हता. पाणी होते, भांडे होते, रुमाल होता. बाराही जणांनी ते पाहिले असणार आणि दुसरा कोणी तरी उठेल म्हणून प्रत्येक जण थांबला असणार. उठला तो प्रभू.

इथे पेत्राकडे जरा लक्ष द्या. आधी तो पाय धुऊ देत नाही. धुतले नाहीत तर माझ्याबरोबर तुझा वाटा नाही असे प्रभूने सुनावल्यावर तो एकदम हातही धू, डोकेही धू म्हणू लागतो. पहिले बोलणे नम्रतेचे वाटते, दुसरे झोकून दिल्यासारखे. खरे पाहता दोन्ही वेळा काय धुवायचे आणि किती धुवायचे हे पेत्रालाच ठरवायचे होते. आपलेही असेच होते. “मला कशाला सत्कार” म्हणणारा आणि “मला बोलावलेच नाही” म्हणून रुसणारा हे पुष्कळदा एकच गृहस्थ असतात, फक्त वार वेगळा असतो. आणि एक गोष्ट आपण वाचताना सहज ओलांडून जातो. यहूदा उठून बाहेर गेला तो नंतर. म्हणजे त्याचेही पाय धुतले गेले, आणि धुणाऱ्याला सगळे ठाऊक होते. सेवा घेणारा लायक आहे की नाही हे पाहून सेवा करायची, हा हिशेब त्या रात्री मोडला. आपण तो हिशेब अजून चालवतो. आजारी माणूस कोणत्या गटाचा हे पाहून भेटीला जाणारे पंच आपल्यात आहेत.

वसईपासून गोव्यापर्यंत कॅथलिक बांधवांच्या चर्चमध्ये पवित्र गुरुवारी बारा जणांचे पाय धुतले जातात. बाराही जण घरून पाय घासूनपुसून येतात. नखे कापून येणारेही असतात. मी हे टवाळीसाठी लिहीत नाही. आम्हा प्रोटेस्टंटांकडे बहुतेक ठिकाणी तेवढाही विधी नाही, आम्ही त्यावर फक्त संदेश देतो. पण धुतलेले पाय पुन्हा धुण्यात अवघड काही नाही, हे मान्य करावे लागेल. २०१३ साली पोप फ्रान्सिस निवडून आले आणि पंधरवड्यातच पवित्र गुरुवार आला. ते रोममधल्या कासाल देल मार्मो या अल्पवयीन कैद्यांच्या तुरुंगात गेले आणि तिथल्या बारा मुलामुलींचे पाय त्यांनी धुतले. त्यांत मुली होत्या, मुसलमानही होते. तोवर या विधीच्या नियमात फक्त पुरुष बसत होते. पुष्कळांच्या भुवया वर गेल्या. नियम बदलला तो २०१६ साली. म्हणजे आधी गुडघे टेकले, कागद मागून आला. कुणी म्हणेल की हा नियम मोडण्याचा उद्दामपणा झाला. मला तसे वाटत नाही. ज्याच्याकडे कुणी बघत नाही त्याच्यापुढे वाकायला निघालेल्या माणसाला कधी कधी प्रतिष्ठितांची नाराजी पत्करावी लागते.

यावरून एक गैरसमज दूर करू. नम्रता म्हणजे सगळ्यांपुढे मान तुकवणे नव्हे. याला आपल्या घरचे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. विसाव्या वर्षी कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांची विद्वत्ता पाहून ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. इंग्लंडमधल्या धर्मभगिनींनी त्यांना आसरा दिला होता, त्यांचे उपकार होते. तरीही चर्चच्या अधिकाऱ्यांनी त्यांच्या श्रद्धेचा एकेक शब्द ठरवून द्यावा, हे त्यांनी मान्य केले नाही. चेल्टनहॅमला त्यांनी मुलग्यांना शिकवण्यावर बिशपांनी हरकत घेतली तेव्हाही त्या गप्प बसल्या नाहीत. पत्रांतून त्यांनी ठणकावून सांगितले की विवेकबुद्धी मला देवाने दिली आहे आणि एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरीच्या हाती मी जाणार नाही. परक्या देशात, दुसऱ्याच्या छपराखाली राहणारी ही एक तरुण विधवा, कडेवर लहान लेक. ‘नम्र’ या शब्दाचा आपल्याकडे जो अर्थ झाला आहे, त्यात या बाई मुळीच बसत नाहीत.

आणि तरीही त्यांच्याइतका खाली वाकलेला माणूस आपल्या मराठी ख्रिस्ती इतिहासात शोधून सापडायचा नाही. १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले, पुढे ते पुण्याला नेले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात स्वतः गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या, वाटेल त्या हाती पडू शकणाऱ्या मुलींना घेऊन आल्या. दौंडजवळ केडगावला त्यांच्यासाठी मुक्तिसदन उभे राहिले. शेती, विणकाम, छापखाना, सगळे त्या बायकामुलींच्या हातचे. तिथेच रमाबाईंनी बायबलच्या भाषांतराचे काम अंगावर घेतले. हिब्रू आणि ग्रीक त्यांनी त्यासाठी शिकून घेतल्या. संस्कृतात वाद घालणाऱ्या या विदुषीने मराठी कोणती निवडली? संस्कृत शब्दांनी जड झालेली नव्हे. खेड्यातल्या, थोडेच शिकलेल्या बाईला वाचता यावी अशी. विद्वान नाके मुरडणार हे त्यांना कळत नव्हते थोडेच! खिळे जुळवायला सदनातल्याच बायका होत्या. १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई गेल्या. छापलेले संपूर्ण बायबल आले ते १९२४ साली. त्यांनी ते पाहिले नाही.

बिशपापुढे ताठ आणि दुष्काळातल्या पोरीपुढे वाकलेली, अशी ही नम्रता. आपल्यात उलटे दिसते. साहेबापुढे, पुढाऱ्यापुढे आपण लवतो आणि चर्च झाडणाऱ्या माणसाला अरेतुरे करतो.

आता झोकून देण्याविषयी. याचे नाव काढले की लोक घाबरतात. नोकरी सोडायची का? घर विकायचे का? रेव्ह. नारायण वामन टिळकांची गोष्ट आपण एवढ्या वेळा ऐकली आहे की ती ऐकून आता कुणाचे काही हलत नाही. पण ती तपशिलात पाहण्यासारखी आहे. १८९५ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या एका दिवसाने घर मोडले. लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांत राहिल्या, आणि त्या पुन्हा संसाराला आल्या त्याला काही वर्षे जावी लागली. टिळक अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मराठी मिशनच्या कामात होते. पगार होता, मान होता, कवी म्हणून नाव महाराष्ट्रभर होते. १९१७ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षानंतर, त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही त्यात जागा होती. लोक ज्या वयात पेन्शनचा हिशेब करतात त्या वयात हे! १९१९ च्या मे महिन्यात ते वारले. म्हणजे दरबाराला त्यांची जेमतेम दोन वर्षे मिळाली. संस्था म्हणून पाहिले तर ती फार काळ टिकली नाही. फळ मोजून निष्ठा ठरवणाऱ्याने या दोन वर्षांचे काय करायचे ते ठरवावे.

मला मात्र अलीकडे टिळकांपेक्षा लक्ष्मीबाईंकडून जास्त शिकायला मिळते. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ ज्यांच्या घरात नाहीत त्यांनी आणावीत. नवऱ्याचा संताप, लहर, पैशाचा हात सैल, सगळे त्यांनी लिहिले आहे आणि त्याच्यावरचे प्रेमही लिहिले आहे. त्यांची स्वतःची निष्ठा एका झटक्यात आली नाही. नवरा ख्रिस्ती झाला तरी त्यांचे सोवळेओवळे सुटले नव्हते. परक्या हातचे पाणीसुद्धा चालत नव्हते. ते पायरीपायरीने, स्वतःशी भांडत, विचार करत गळून पडले. आणि गळले ते मुळापासून. आपल्यात पुष्कळांचा बाप्तिस्मा तान्हेपणी झाला, सोवळे मात्र अजून तसेच आहे. लग्न ठरवताना पडवीत बसून हळू आवाजात “पूर्वीचे कोण?” हा प्रश्न विचारला जातो, आणि विचारणारा रविवारी प्रभुभोजनाच्या रांगेत पहिला असतो. त्या प्रश्नाला मी तरी दुसरे नाव देऊ शकत नाही: ते अर्धवट शिष्यत्व आहे. ज्या अर्ध्या भागात आपला मोठेपणा साठवलेला आहे, तेवढाच भाग आपण प्रभूला दिलेला नाही.

झोकून देणे म्हणजे प्रत्येकाने पगार सोडणे नव्हे. प्रेषितांच्या कृत्यांत हनन्या आणि सप्पीरा यांनी जमीन विकली आणि थोडे पैसे मागे ठेवले. पेत्र त्यांना स्पष्ट सांगतो की जमीन तुमची होती, पैसाही तुमच्याच हातात होता. त्यांचा गुन्हा पैसे ठेवण्याचा नव्हता. थोडे देऊन सगळे दिल्याचा आव आणण्याचा होता. यापेक्षा मोठा दिलासा आणि यापेक्षा मोठी धास्ती दुसरी नाही. तुम्हाला महिन्यातून एकच शनिवार देता येत असेल तर एकच द्या, आणि एकच देतो असे म्हणा. एक देऊन चार दिल्यासारखे वागू नका. बुरूज बांधायला घेण्यापूर्वी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, हे प्रभूनेच सांगितले आहे. भावनेच्या भरात कन्व्हेन्शनच्या शेवटच्या रात्री हात वर करणारे आणि जूनमध्ये शाळा सुरू होताच दिसेनासे होणारे आपल्याकडे थोडे नाहीत. त्यापेक्षा जो म्हणतो, “मला विचार करायला पंधरा दिवस द्या,” त्याच्याकडून मला अधिक आशा वाटते. एकदा हात घातला की मग मात्र मागे पाहायचे नाही. नांगर धरून मागे पाहणाऱ्याविषयी प्रभू जे म्हणाला ते आपल्या शेतकऱ्यांना समजावून सांगावे लागत नाही. मागे पाहिले की तास वाकडा जातो, आणि तो सगळ्या गावाला दिसतो.

नम्रता आणि निष्ठा एकाच माणसात नांदलेली पाहायची असेल तर बर्णबाकडे जा. त्याच्यावर संदेश क्वचितच ऐकायला मिळतो, कारण तो सदा दुसऱ्याच्या गोष्टीत येतो. कुप्र बेटाचा लेवी. शेत विकून त्याने सगळे पैसे प्रेषितांच्या पायांशी आणून ठेवले. हनन्याची हकीगत लगेच पुढे येते ती यामुळेच. शौल, म्हणजेच पौल, पालटला तेव्हा यरुशलेमेतले शिष्य त्याला भीत होते. कालपर्यंत धरपकड करणारा माणूस, विश्वास ठेवायचा कसा? बर्णबाने त्याचा हात धरला, प्रेषितांकडे नेले, आपली पत त्याच्यासाठी गहाण टाकली. पुढे अंत्युखियात काम वाढले आणि बर्णबाला तिकडे पाठवले. काम जोरात, माणसे येताहेत, नाव याचे होते आहे. अशा वेळी हा माणूस काय करतो? तार्साला जातो, शौलाला हुडकतो आणि अंत्युखियाला घेऊन येतो. आपल्यापेक्षा वरचढ माणूस स्वतः होऊन आपल्या शेजारी आणून बसवतो! आपल्या मंडळ्यांत कुठल्या सेक्रेटरीने असे केलेले तुमच्या पाहण्यात आहे का? आपल्याकडे तर हुशार तरुण दिसला की त्याला आधी खुर्च्या मांडायला लावतात आणि पाच वर्षांनी त्याच खुर्च्या आवरायला.

मग कृत्यांच्या तेराव्या अध्यायात नावांचा क्रम पाहा. निघताना ‘बर्णबा व शौल’ असे आहे. प्रवासात मध्येच ते ‘पौल व बर्णबा’ होते. लूकने त्यावर एक शब्द लिहिलेला नाही. बर्णबाने तक्रार केली असती तर आपल्याला कळले असते. त्याच्या नंतरच्या भांडणाची नोंद लूकने लपवलेली नाही. ते भांडण मार्कावरून झाले. पहिल्या फेरीत मध्येच परत फिरलेल्या मार्काला पुन्हा न्यायचे की नाही, यावर दोघांत इतकी खडाजंगी झाली की वाटा वेगळ्या झाल्या. पहिली जागा गेली तेव्हा बर्णबा भांडला नाही. एका पोराला दुसरी संधी मिळावी म्हणून भांडला. पुढे पौलानेच तुरुंगातून लिहिले की मार्काला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. तुमची भांडणे कशावरून होतात ते एकदा कागदावर लिहून काढा. स्वतःच्या जागेवरून किती, आणि दुसऱ्याच्या जागेसाठी किती?

भांडणांवर थांबलोच आहोत तर आणखी एक. फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ख्रिस्ताने स्वतःला रिते केले, दासाचे रूप घेतले, असा तो विख्यात उतारा आहे. पवित्र सप्ताहात आपण तो वाचतो, त्याच्या सिद्धांतावर सेमिनरीत निबंध लिहितो. पण तो लिहिला गेला एका मंडळीतल्या कुरबुरीच्या संदर्भात. चौथ्या अध्यायात पौल युवदीया आणि सुंतुखे या दोघींना नावानिशी विनंती करतो की एकचित्त व्हा. दोघी त्याच्याबरोबर सुवार्तेसाठी झगडलेल्या होत्या, म्हणजे निष्ठेत कमी कोणीच नव्हती. भांडण कशावरून होते हे त्याने लिहिले नाही, चूक कोणाची हेही नाही. दोघींना विनंतीचा शब्द एकच, जणू तराजूत मोजून दिलेला. चांगल्या, कष्टाळू, जुन्या कार्यकर्त्यांचीच भांडणे मंडळीला सगळ्यात महाग पडतात, कारण प्रत्येकाच्या पाठीशी केलेल्या कामाचे भांडवल असते. मिशनने ठेवलेल्या जमिनी, बंगले, शाळा यांवरून आपले लोक वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या चढतात, तेव्हा दोन्ही बाजूंचे लोक निष्ठेचीच भाषा बोलतात. आपला पक्ष म्हणजेच मंडळी, असे दोघांनाही मनापासून वाटत असते. खोटे बोलणाऱ्याला समजावणे सोपे. या लोकांना समजावणे महाकठीण.

याउलट एक मोठे उदाहरण आपल्याच नागपुरात घडले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा निरनिराळ्या परंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले. बिशप मानणारे होते, न मानणारे होते. तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देणारे होते, आणि जाणत्या वयात विश्वास कबूल केल्यावाचून बाप्तिस्मा नाही म्हणणारेही होते. बोलणी १९२९ पासून चालली होती. चाळीस वर्षे! दर पक्षाला काहीतरी सोडावे लागले, आणि बाप्तिस्म्याच्या बाबतीत दोन्ही रीतींना एकाच छपराखाली जागा द्यावी लागली. ज्यांनी ही बोलणी सुरू केली त्यांतल्या पुष्कळांनी तो दिवस पाहिला नाही. पुढे त्या एकीचे आपण काय केले हा वेगळा आणि कडू विषय आहे. पण चाळीस वर्षे दुसऱ्याचे ऐकून घेत टेबलाशी बसून राहणे, यात नम्रता किती आणि निष्ठा किती हे कुणी वेगळे काढून दाखवावे.

एवढे वाचून आपण काय करावे, असे विचाराल. मोठे काही सांगत नाही. नाताळच्या आठवड्यात सरकारी दवाखान्यात फळवाटप होते. एका केळ्याला चार हात लागतात आणि पाचवा मोबाइल धरतो. पेशंट बिचारा केळे घेऊन कॅमेऱ्याकडे बघत राहतो. यंदा फोटो काढू नका. फळे मात्र द्याच. फोटो नाही म्हणून वाटपच रद्द झाले, असे होऊ देऊ नका, कारण तिथेच कळेल आपण कशासाठी जात होतो. मंदिराला पंखा द्यायचा असेल तर द्या, पात्यावर वडिलांचे नाव रंगवू नका. ज्यांना रंगवायचेच आहे त्यांच्याशी भांडायलाही जाऊ नका. आईबापाच्या आठवणीत माणसे हळवी होतात. पुण्यामुंबईला, आखातात, अमेरिकेत गेलेल्या आपल्या मुलांनी गावच्या मंडळीला पैसे जरूर पाठवावेत, पण सुट्टीत आल्यावर पाहुण्यासारखे पुढच्या खुर्चीवर न बसता प्रीतिभोजनाची पातेली घासायला बसावे. राख आणि काथ्या घेऊन करपलेल्या डेगीचा तळ घासताना शेजारच्या बाईकडून मंडळीची जी खरी हकीगत कळते ती वार्षिक अहवालात येत नाही.

जे अनेक वर्षे एकाच पदावर आहेत त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. तुमच्या कामाचे मोल कुणी नाकारत नाही. आता एक तरुण शोधा, शक्यतो तुमच्यापेक्षा हुशार, आणि शक्यतो तुमच्या घरातला नको. त्याला हिशेबवही दाखवा, कपाटाच्या किल्ल्या द्या, चुकू द्या. पद सोडल्यावर मंडळीत येणे सोडू नका. बाजूला बसून टोमणे मारू नका. नवा सेक्रेटरी मदत मागेल तेव्हा जेवढी लागेल तेवढीच करा. हे सगळ्यात अवघड आहे, मला माहीत आहे. बर्णबालाही सोपे गेले असेल असे मी मानत नाही.

आणि जे “माझी काय लायकी” म्हणून मागे सरकतात त्यांना सांगतो, लायकी कुणी विचारलेली नाही. शब्बाथ शाळेला शिक्षक हवा आहे. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या सभासदांना आठवड्यातून एकदा भेटून औषधे आणून देणारा हवा आहे. रविवारी साडेसातला येऊन दार उघडणारा, सतरंज्या घालणारा हवा आहे. यातले एक काम वर्षभरासाठी घ्या, आजच पाळकसाहेबांना फोन करून सांगा, आणि वर्षभर पाऊस असो की लग्न, चुकवू नका.

एक काम मात्र पाळकांना न विचारता करण्याजोगे आहे. मंडळीतल्या ज्या माणसाशी तुमचे बोलणे बंद आहे त्याच्या घरी येत्या रविवारच्या आत जा. चूक कोणाची हा विषय काढू नका, चहा दिला तर प्या, नाही दिला तर तसेच उठा. तिथे काय झाले ते बाहेर कुणाला सांगू नका.